निकडीचा दोर

आपण काहीच हरवलं नाही, असं घंटांची नक्कल नेणारे आजही शपथेवर सांगतील. आवाज पारखून घेतला होता, धातू तोलून घेतला होता, नावंसुद्धा जशीच्या तशी उतरवून घेतली होती. आणि ज्याला त्यांच्याकडे मापच नव्हतं, ते मुळात नव्हतंच असं त्यांनी ठरवून टाकलं. अशांशी वाद तरी कोणत्या तोंडाने घालायचा?

एका नदीच्या काठी दोन मुलूख होते, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. वरच्या मुलखात घंटा दोराला टांगत. खालच्या मुलखात लोखंडी आकड्याला. पण वरच्या मुलखातला दोर म्हणजे नुसती टांगायची सोय नव्हती. घंटा ओतली की तिचा दोर वळायला घेत आणि वळता वळता त्यात गाठी मारत. ओतणाऱ्याच्या घराची गाठ, ओतल्या सालाची गाठ, ती कुणी वाजवायची याची एक आणि कधी वाजवायची याची एक. डोळे मिटून दोर चाचपला तरी घंटा कोणती ते कळे.

तिथल्या तीन घंटा मानाच्या. न्याहारी वाजली की शेतावरची माणसं भाकरीचं फडकं सोडून बसत. पाठवणी सगळ्यांत थोरली. ती कायम काळ्या घोंगडीखाली असे. गावातलं कुणी जगाचा निरोप घेतला की तेवढ्यापुरती घोंगडी निघे. तिसरी निकड, आणि तिच्याकडे सगळ्यांत अवघड काम होतं : गप्प राहायचं.

नदीत म्हशीच्या आकाराचा एक कातळ होता. पाणी त्याच्या पाठीवरून गेलं, म्हणजे ‘म्हैस पाण्यात बसली’, की निकड वाजवायची. तीही काठावरच्या धोंडाईच्या घराने. दुसऱ्या कुणी दोराला हात लावायचा नाही. निकड वाजली की माणसं भरल्या ताटावरून उठत, पोरं काखोटीला मारत आणि टेकडी चढू लागत. का वाजली, असं कुणी विचारत नसे. निकडीला आपल्या आवाजाचा गर्व नव्हता. त्या न विचारण्याचा होता.

मागच्या पुरात तिचा आवाज खालच्या मुलखापर्यंत गेला होता. तिथली माणसंही तेव्हा काही न विचारता धावली आणि वाचली. म्हणूनच तर त्यांना ती घंटा आपल्याकडे असावी असं वाटलं. एक नको, तिन्ही असू देत, असंही वाटलं.

त्यांचा नक्कलनवीस माती, मेण आणि भट्टी घेऊन वर आला. माणूस वाईट नव्हता. उलट फार काटेकोर होता, आणि घोळ तिथेच होता.

“तुमच्या घंटा तुमच्याकडेच राहतील,” तो म्हणाला. “आम्ही फक्त नक्कल नेणार.”

त्याने साचे घेतले, धातू ओतला. मग एकदा जुन्या घंटेवर आणि एकदा नव्या घंटेवर टिचकी मारून, डोळे मिटून ऐकलं. “तंतोतंत,” तो म्हणाला.

“आणि तिचा दोर?” निकडीने विचारलं.

“तिला आकडा आहे.”

“आकड्याला गाठी मारता येतात?”

नक्कलनवीस हसला. “बाई, आवाज तुझाच आहे ना? वजन तेच आहे ना? नावसुद्धा तेच कोरलंय. मग गेलं काय?”

काय गेलं ते सांगणारं जे होतं ते निकडीच्या दोरात होतं, तोंडात नव्हतं.

“कोरू दे गं,” घोंगडीखालून पाठवणी पुटपुटली. “नाव काय, कुणीही कोरतं.”

नकला खाली गेल्या आणि नव्या कोऱ्या घंटाघरात आकड्यांना लागल्या. ज्या दिवशी टांगल्या तोच तिघींचा जन्मदिवस ठरला. हार घातले, पेढे वाटले. चार पिढ्यांना पोहोचवून आलेली पाठवणी आणि परवापरवा ओतलेली न्याहारी तिथे एका वयाच्या झाल्या. पाठवणीवर घोंगडी नव्हती, त्यामुळे ती उन्हात फार छान चकाके.

दोन्हीकडे घरटी असलेला एक पारवा होता. तो वर येऊन बातम्या सांगे.

“तुझी बहीण मजेत आहे,” तो निकडीला म्हणाला.

“बहीण नाही. नक्कल.”

“तेच ते. पाठवणीचं तर नशीबच उघडलं! नवरी सासरी निघाली की तिला वाजवतात. नावच तसं आहे ना. वऱ्हाडी काय नाचतात!”

घोंगडीची कड आणखी खाली सरकली.

“आणि माझं?” निकडीने विचारलं.

“तुला कुठली उसंत! ज्याला कशाची निकड लागेल तो येतो आणि वाजवतो. कुणाला न्हावी हवा, कुणाला सुपारी. चहासाठी तर हमखास.”

“माणसं धावतात का रे?”

“धावते की एकजण,” पारवा म्हणाला. “चहावाली गजराबाई.”

त्या दिवसापासून निकडीला वाऱ्यावरून स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला. सकाळी, दुपारी, बाजार भरताना, बाजार उठताना. आवाजात खोट काढायला जागा नव्हती. ती धोंडाईला म्हणाली, “माझा दोर त्यांना नेऊन दे.”

“मग तुला काय हवेत टांगू?” धोंडाई म्हणाली. पण तिने वाख भिजत घातला, तसाच दुसरा दोर वळला, गाठीला गाठ जुळवली आणि तो खांद्यावर टाकून खाली गेली.

घंटाघरात नक्कलनविसाने दोर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “वाजतो का?”

“दोर कसा वाजेल, दादा?”

“मग घंटाघरात कशाला?”

धोंडाईने गाठ न् गाठ समजावून सांगितली. म्हैस सांगितली, पाणी सांगितलं, आपलं घर सांगितलं. भोवती जमलेल्यांनी कौतुकाने ऐकलं. “छान आहे हो तुमच्याकडची पद्धत,” एकजण म्हणाला. एकीने विचारलं, यात लाल रंगाचा मिळेल का. पाहुणीचं मन मोडू नये म्हणून दोर ठेवून घेतला. धोंडाई वळण पार करून गेल्यावर तो घंटाघरामागे कपडे वाळत घालायला बांधला, आणि गाठींना धोतरं अडकतात म्हणून कुणीतरी त्या एकेक करून सोडवल्या.

पुढे एका दुपारी वरच्या डोंगरांत आभाळ फुटलं. नदी आधी तांबडी झाली, मग फुगली, मग तिला आवाज फुटला. म्हशीचे पाय गेले, पोट गेलं. पाठ दिसेनाशी झाली तशी धोंडाई धावत आली आणि दोराला लोंबकळली.

निकड वाजली.

वरच्या मुलखात ताटं जागच्या जागी राहिली. माणसं टेकडी चढली. न्याहारी आणि पाठवणी यांनाही कुणीतरी उचलून वर नेलं. धोंडाईच्या पायरीला पाणी लागलं.

“आता चल,” वरून लोक ओरडले.

धोंडाईने खाली लांबवर पाहिलं. “खालच्यांची टेकडी मोकळीच दिसतेय.”

“मग ओढ,” निकड म्हणाली.

धोंडाईने ओढलं. निकडीने आयुष्यभराची गप्प राहण्याची सगळी ताकद त्या आवाजात घातली. आवाज वळणं घेत बसला नाही. तो पाण्याच्या आधी खालच्या मुलखात पोहोचला.

बाजार भरला होता. घंटाघरात निकडीची नक्कल आपल्या आकड्याला स्तब्ध लटकली होती आणि तिच्या डोक्यावर पारवा पंख मिटून बसला होता. मान वर करून पाहिलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. पण रोजच्या आवाजासाठी मान कोण वर करतं? सुपारी कातरणाऱ्याने हात न थांबवता कान दिला. “आज कोण वाजवतंय रे? हात बसलाय हो!” तो म्हणाला. शेजारच्याने मान डोलावली.

आवाज थांबेना. गजराबाईच्या चुलीपुढची जमीन ओली झाली होती. हंडा लवंडला असेल म्हणून तिने तो सरळ केला, पदर खोचला आणि घंटाघराच्या दिशेने ओरडली,

“आले गं बाई, आले! किती जीव काढशील? पाणी ठेवलंय की!”