लाल धोतराचा फेरविचार

"घागरीमागे एक कवडी, तीही वीस वर्षं!"

वैरागगडात दवंडी पिटली गेली आणि कोंडाबाई रंगारणीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. डोंगरावरच्या तळ्यातून खापराच्या नळाने गावच्या हौदात पाणी येई, ते दोन महिने आटलं होतं. म्हणून ठेकेदार विसाजी कर्ज काढून नवा नळ घालणार होता आणि ते कर्ज गावाने घागरी मोजून फेडायचं होतं. पाणीखात्याचे कारभारी राघोपंत यांनी तसा निकाल देऊनही टाकला होता. एक लुगडं रंगवून धुवायचं तर चाळीस घागरी लागतात. चाळीस कवड्या पाण्यालाच दिल्या, तर कोंडाबाईची चूल बंद!

ती तडक महाराजांकडे गेली. महाराज मुळातच हट्टी, त्यात फेरविचाराचा नियम त्यांनी स्वतः केलेला.

"आधी पंतांकडेच फेरविचार माग. तीस दिवसांच्या आत. ते नाही म्हणाले, तर माझ्याकडे ये. आणि मी फक्त पंतांच्या दप्तराच्या रुमालात बांधलेले कागद वाचतो. रुमालाबाहेरचं काही ऐकत नाही, बघतही नाही!"

"म्हंजे ज्यानं चूक केली, त्यालाच इचारायचं, चुकलं का म्हनून?"

"अगदी बरोबर समजलीस," महाराज म्हणाले.

कोंडाबाई डोंगर चढून तळं बघून आली. तळं तुडुंब होतं! मग पाणी जातं कुठे? एकोणतिसाव्या दिवशी पहाटे तिने मंजिष्ठेच्या लाल रंगाच्या तीन घागरी नळाच्या मुखाशी ओतल्या आणि खाली येऊन पाहत बसली. गावच्या हौदात लाल थेंबही आला नाही. विसाजीच्या बागेतलं कारंजं मात्र लालभडक झालं. त्या कारंज्याखाली राघोपंत डोळे मिटून स्तोत्र म्हणत अंघोळ करत होते. ते रोज तिथेच अंघोळ करत.

बागेतून वाहून येणारं पाणी कोंडाबाईने तांब्यात भरलं आणि कचेरी गाठली. फेरविचाराचा अर्ज तिने आदल्याच दिवशी दिला होता.

पंत नेहमीच्या वेळी आले. धोतर लाल, शेंडी लाल, चेहरा गंभीर. दुसरं धोतर होतं, पण तेही त्याच पाण्यात धुतलेलं होतं.

"माझा निकाल मी काल पुन्हा वाचला," पंत म्हणाले. "मला तो पटला. आणखी काही?"

"पंत, पानी आटल्यालं न्हाई. मधीच नळ फोडून इसाजीच्या बागंत वळीवलंय. ह्यो तांब्या बघा, आन् तुमचं धोतर बघा!"

"रुमालात कागद जातो. तांब्या जात नाही, धोतरही जात नाही. माझ्या निकालाविरुद्ध पुरावा हवा ना तुला? मग माझ्याच हस्ताक्षरात आण!"

कारकून खो खो हसले. कोंडाबाई हसली नाही.

"बरं. मग का फेटाळलं, त्येवढं लिहून द्या. एक बी मुद्दा राहिला, तर म्या उद्या परत अर्ज घिऊन येनार. उद्या तिसावा दिस हाय."

उद्या पंतांना विसाजीकडे पुरणपोळीचं आमंत्रण होतं. त्यांनी बोरू उचलला.

"तांब्या नाकारला."

"कुठला तांब्या? गावात लई तांबे हाईत."

पंतांनी तो कुठला, तेही लिहिलं.

"आन् धोतर?"

"धोतरही नाकारलं!"

"कुनाचं? कशानं रंगल्यालं? जागा मोकळी सोडू नका पंत, म्या परत येईन!"

पंत वैतागले. त्यांनी भराभर सगळं लिहिलं, सही ठोकली आणि रुमाल करकचून बांधला.

दरबारात महाराजांनी तो सोडला आणि मोठ्याने वाचू लागले. "'अर्जदार म्हणते की, तिने नळाच्या मुखाशी ओतलेला रंग विसाजीच्या कारंज्यातून आला, आम्ही तेथे स्नान करीत असता आमचे धोतर लाल झाले, व त्याच पाण्याचा तांब्या तिने आणला. ही गोष्ट खरी असली, तरी कागदावर नसल्यामुळे विचारात घेता येत नाही.'"

महाराजांनी पान उलटसुलट करून पाहिलं.

"पंत, ही गोष्ट कागदावर नाही?"

"नाही, महाराज."

"मग मी वाचतोय ते कशावर लिहिलंय?"

महाराजांनी पान पंतांसमोर धरलं.

"हस्ताक्षर कुणाचं?"

"माझंच, महाराज, पण..."

"सरकार," कोंडाबाई म्हणाली, "पंतच म्हनलं हुतं, पुरावा माझ्याच हस्ताक्षरात आन. आनला!"

महाराज इतके हसले की डोक्यावरचा मंदील कानावर आला. मग तो सरळ करून त्यांनी हुकूम दिला. कर्ज रद्द, कवडी रद्द, विसाजीने फोडलेला नळ त्यानेच पदरच्या खर्चाने सांधायचा. पंत नळाची माती खणायला. सरकारी दप्तराचे झाडून सगळे रुमाल रंगवायचं काम कोंडाबाईला, वर सोन्याचं कडं.

"आता पंतांवर एक उपकार कर," महाराज डोळे पुसत म्हणाले. "त्या धोतराचा रंग तेवढा काढून दे."

कोंडाबाईने धोतराचा काठ चिमटीत धरून नीट पाहिला.

"न्हाई निघायचा, सरकार. माझा रंग पक्का असतोय. वीस वर्सं तरी जानार न्हाई!"