निकाल न झालेली रीत

"…मग खरा कायदा कोणता, सर?"

निरंजन राजाध्यक्ष बसायच्या आधीच बोलला.

खानविलकर सर भिजवलेले वाल सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. पाटाकडे बोट दाखवलं.

निरंजन बसला.

सरांनी तीस वर्षं विद्यापीठात कायदा शिकवला होता. निवृत्त झाल्यावर ते घाटाखालच्या या लहान गावात येऊन राहिले. वकिली करत नसत, व्याख्यानं देत नसत. कुणी काही विचारायला आलं, तर ऐकून घेत.

निरंजन त्यांचा आवडता विद्यार्थी. आता स्वतःच प्राध्यापक होता. डोंगरातल्या आदिवासींच्या रूढींवर त्याने लिहिलेलं पुस्तक देशभर वाचलं जात होतं. 'सरकारने वरून कायदा लादू नये. लोकांची रूढी हाच लोकांचा जिवंत कायदा,' असं त्यात ठासून मांडलं होतं. परिषदांमध्ये लोक उठून टाळ्या वाजवत.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"उंबरदऱ्यात एक बाई आहे, ठकूबाई धिंदळे. मी अभ्यासाला गेलो तेव्हा तिच्याच पडवीत राहिलो होतो. वडिलांची जमीन ती कसते. आता तिच्या चुलतभावाने, काशिनाथने, दावा लावलाय. म्हणतो, आमच्या जमातीत मुलीला वारसा नाही, जमीन माझी."

"आणि कायदा?"

"मुलींना समान वाटा देणारा कायदा आदिवासींना लागू नाही. तिथे रूढी बघतात. आणि रूढी काय, हे सांगायला काशिनाथच्या वकिलाने कोर्टात एक पुस्तक दिलंय…"

"कुणाचं?"

"माझं."

वालाच्या साली टोपलीत पडत राहिल्या.

"मला साक्षीला बोलावलंय. रूढी आहे म्हटलं, तर ठकूबाई रस्त्यावर येते. नाही म्हटलं, तर माझं पुस्तक खोटं. आणि नुसतं माझं पुस्तक नाही, सर. उद्या कुणीही उठून म्हणेल, या लोकांना कसली रूढी नि कसलं काय. मग त्यांची जंगलं, त्यांच्या पंचायती… सगळंच त्यांच्या हातून सुटेल."

"तुला ही रूढी कुणी सांगितली?"

"बुधाबांनी. गावातले सगळ्यांत जाणते पंच."

"नेमकं काय म्हणाले?"

निरंजनने डोळे मिटून आठवलं. "म्हणाले, 'आमच्यात मुलीला जमीन देत नाहीत.'"

"आणि तू काय लिहिलंस?"

"'मुलीला जमिनीवर हक्क नाही.'"

"दोन्ही एकच का?"

निरंजनने दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणून पाहिली.

सर म्हणाले, "माझ्या आजोळी कारल्याची भाजी करत नसत."

"का?"

"माहीत नाही."

"कुणी केली असती तर?"

"माहीत नाही. कुणी केलीच नाही."

"म्हणजे तो नियम होता, की नव्हता?"

"तू कायदा शिकवतोस. तू सांग."

निरंजनला राग आला. एवढा घाट उतरून तो कारल्याबद्दल ऐकायला आला नव्हता.

"सर, मला परवा साक्ष द्यायची आहे."

"मग उद्याचा दिवस आहे. उंबरदऱ्याला जाऊन ये."

तो गेला.

ठकूबाई खळ्यावर भात उफणत होती. त्याला बघून सूप खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या दादा. लई दिसांनी वाट चुकलात."

ती रागावलेली नव्हती, याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"तुमच्या पुस्तकात आमची रीत लिवलीय म्हणत्यात," ती म्हणाली. "काय लिवलीय? मला कुणी वाचून नाय दाखवलं."

त्याने सांगितलं. सोप्या शब्दांत, खाली बघून.

ठकूबाईने खाली सांडलेला भात गोळा केला.

"खोटं नाय," ती म्हणाली. "माझ्या आत्यांना नाय भेटली जमीन. थोरल्या बहिणीलाबी नाय."

"मग तुम्हाला कशी दिली?"

"मला कुठं कुणी दिली? नवरा वारला तशी मी माहेरी आले. बा अंथरुणाला खिळला, म्हणून मी नांगर धरला. मग बा गेला. मी नांगर सोडला नाय."

"पंचांनी काही ठरवलं असेल ना?"

"बसले होते की. बुधाबा म्हणले, मुलीला देत नाहीत. म्हातारा लखमा म्हणला, देत नाहीत हे खरं, पण हातातली काढून घेत्यात हे कुणी बघितलंय? मग भांडले. लई भांडले. काशिनाथ तवा तिथंच बसला व्हता."

"आणि निकाल?"

"नाय झाला. उठले नि घरला गेले."

"मग?"

"मग मी पेरलं."

निरंजनच्या डोक्यात आता काहीच नीट जुळेना. त्याने शेवटचा आधार शोधला.

"ठकूबाई, तुम्हाला मुलगीही आहे, मुलगाही आहे. उद्या मुलीने जमीन मागितली तर द्याल?"

तिने सूप उचललं. भात उंच धरला. वारा नव्हता. तिने हात तसाच ठेवला.

"पोरगा हाय ना…" ती म्हणाली. "बहुतेक नाय देणार. पर ती माझ्यासारखी आली परत, तर… काय म्हाईत, दादा."

थोडा वारा आला. फोलपटं उडाली.

"एवढं करा," ती म्हणाली. "जमीन माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. आन् बुधाबांचा कमीपणा व्हऊ देऊ नका. माझं लगीन त्यांनीच लावलं व्हतं. आन् तो शहरातला कायदा आमच्यात आणू नका. मागं आला तवा आमच्याच रानाला कुंपण पडलं."

या तीन गोष्टी एकत्र कशा व्हायच्या, ते निरंजनला कळेना. तिलाही ते कळत असल्याचं दिसलं नाही.

परतताना तो पुन्हा सरांच्या दारात उभा राहिला.

"सर, रूढी आहे. आणि नाहीही. माणसं तर तिच्यावरून अजून भांडतच आहेत. मी त्या भांडणातलं एक वाक्य उचललं आणि पुस्तकात निकाल लावून टाकला… पण आता मी कोर्टात काय सांगू?"

सर कंदिलाची काच पुसत होते. इथे संध्याकाळी वीज जाई.

"साक्षीदाराला शपथ काय देतात?"

"खरं सांगेन, अशी."

"सगळं ठाऊक आहे, अशी नाही ना?"

सरांनी काच बसवली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात गर्दी होती. पहिल्या बाकावर काशिनाथ, नव्या सदऱ्यात. मागे भिंतीला टेकून ठकूबाई. बुधाबा दारापाशी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे.

काशिनाथच्या वकिलाने पुस्तक उघडलं. पान वाचून दाखवलं.

"हे आपण लिहिलंय?"

"हो."

"मग आपण सांगा, प्राध्यापकसाहेब. या जमातीत मुलीला जमिनीचा हक्क नाही, अशी रूढी आहे. हो की नाही?"

वर्गात असा प्रश्न आला असता, तर निरंजन तासभर बोलला असता. इंग्रजांच्या काळात रूढी कागदावर कशी गोठली, लिहून घेणाऱ्यांनी कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलं नाही, यावर त्याची व्याख्यानं प्रसिद्ध होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

कोर्टात कुणीतरी हसलं.

"माहीत नाही? मग पुस्तकात लिहिलंत ते कुणाला माहीत होतं?"

"लिहिताना मला वाटलं होतं की मला माहीत आहे. बुधाबा म्हणाले, देत नाहीत. ते खरं आहे. ज्या मुलीच्या हातात जमीन आली, तिच्याकडून काढून घेतात का, हे मी विचारलं नव्हतं. पंच त्यावर बसले होते. त्यांचं ठरलं नाही… मलाही ठरवता येत नाही."

वकिलाने पुस्तक मिटलं. असा साक्षीदार आणल्याचा त्याला पश्चात्ताप होत असावा.

निकाल महिन्याने लागला. जो रूढीवर हक्क सांगतो, त्याने ती रूढी निश्चित आहे हे सिद्ध करायचं असतं. काशिनाथला ते करता आलं नाही. न्यायाला आणि विवेकाला धरून जमीन ठकूबाईकडेच राहील, असं न्यायाधीशांनी लिहिलं.

निरंजनला हायसं वाटलं. पण फार दिवस नाही.

तो पुन्हा घाट उतरून आला तेव्हा वाळला होता. दाढी वाढलेली.

"जिंकली ती, सर."

"कळलं मला."

"पण निकालात लिहिलंय, 'रूढी सिद्ध झाली नाही.' गावात कुणीतरी त्याचा अर्थ सांगितला, तुम्हाला रीतच नाही. बुधाबांनी मला निरोप पाठवला, 'आमचे बापजादे काय वाऱ्यावर जगले?' ते ठकूबाईच्या खळ्यावर पाय ठेवत नाहीत. ती मला म्हणाली, 'जमीन राहिली दादा, पर बुधाबा बोलत नाहीत.' आणि रडली."

सरांनी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"विद्यापीठातले म्हणतात, मी आदिवासींना दगा दिला. स्त्रियांसाठी लढणाऱ्या बायका म्हणतात, तुम्ही सरळ 'रूढी अन्यायाची आहे' म्हणायचं होतं, घाबरलात. प्रकाशक विचारतोय, पुढची आवृत्ती काढायची की नाही… सर, मी बरोबर केलं की चूक? एवढं तरी सांगा."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. सर उठले, खिडकी लावली, परत येऊन बसले.

"दोन्हीकडून बोलणी बसताहेत?"

"हो, सर."

"कुणाचं म्हणणं पूर्ण खोटं वाटतं?"

निरंजनने बोटांवर एकेकाला मोजलं.

"…कुणाचंच नाही."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग ही मधली जागा चांगली आहे. तिथून हलू नकोस."