कासवाच्या पाठीचा टोप

आधी पैज लावा. या गोष्टीत शेवटी काहीतरी फुटतं. टोप, डोकं, की मातीचं बोळकं? नाय सांगत? बसा मग ऐकत. सांगितलं असतं तरी चुकलाच असता.

तर पूर्वी वेत्रपुरात अंकुरराजा गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्व गावतळ्यात म्हातारं कासव होऊन राहिले होते. गावाला काठ्या खेळायचा भारी नाद. चैत्राच्या जत्रेत जोड्या लागायच्या आणि दोन-चार डोकी फुटायचीच. म्हणून कुंडक नावाच्या कारागिरानं युक्ती काढली. तळ्यातली कासवं मारायची आणि त्यांच्या पाठीचा टोप करायचा. टोप दगडावर आपटून दाखवायचा, "बघा, ओरखडा नाही!" लोक खूश. तळं मात्र रिकामं होत चाललं.

जत्रेच्या आदल्या दिवशी ते म्हातारं कासव आपणहून कुंडकाच्या अंगणात आलं.

"आजोबा, चालत आलात?" कुंडक हसला. "माझी खेप वाचवली!"

"हा ओट्यावरचा टोप कुणाचा रे?" कासवानं विचारलं.

"नंदियाचा. धाकटा भाऊ माझा. उद्या उतरतोय खेळायला."

"मग त्यात एक बोळकं घट्ट बसव, डोकं बसतं तसं. आणि वरून काठी हाण."

कुंडकानं हाणली. टोपाला काही झालं नाही. उचलून बघतो, तर खाली नुसत्या खापऱ्या. कुंडकाला भावाचं डोकं आठवलं. त्यानं नंदियाचा टोप बाजूला ठेवून दिला.

कासव म्हणालं, "पाठ टणक असते रे, पण दणका गिळतं ते आतलं मऊ. तेच तू टाकून देतोस. सावरीचा कापूस झाडाखाली आपसूक पडलाय, तो भर. वरून वेत वीण. कुणाला मारावं लागत नाही."

कुंडकानं दुपारभर बसून तसा टोप विणला. नंदिया आला आणि पोट धरून हसला. "दादा, टोपली घालून खेळू? भाजी विकायला बसवतोस काय मला?"

कासवानं मान लांबवली. "ती माझ्या डोक्यावर ठेव आणि मार. मी वाचलो तर उद्या तू हीच घालायची. आणि कुंडका, तळ्यात पुन्हा जाळं नाही."

"मरशील, म्हाताऱ्या!" नंदिया म्हणाला.

"हळू मारू नकोस हां. उद्या समोरचा काय हळू मारणार?"

नंदियानं काठी उगारली. ऐन वेळी टोपाखालचे लुकलुकणारे डोळे दिसले आणि त्यानं वार वळवायला बघितला. काठी टोपावर बसली, घसरली आणि पाठीवर गेली. डोकं जिथल्या तिथं. पाठीला मात्र मानेपासून शेपटीपर्यंत तडा.

हरलात ना पैज?

नंदिया रडायला लागला. "रडतोस काय येड्या?" कासव म्हणालं. "मऊ वाचलं, टणक फुटलं. आता तरी घाल टोपली."

नंदियानं घातली. जत्रेत तीन दणके खाल्ले आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आला. तेव्हापासून कुंडकानं तळ्यात जाळं टाकलं नाही, आणि आत बोळकं ठेवून हाणल्याशिवाय एकही टोप विकेना. वीण जमेपर्यंत बोळकी फुटायची, कुंभाराची चंगळ झाली.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, एवढं सांगून भिक्खूंना ओळख पटवली. तेव्हाचा कुंडक हा आताचा आनंद, काठीवाला नंदिया हा अंगुलिमाल, आणि ते कासव मीच. याला करुणा म्हणतात.

पण तडकलेल्या पाठीत पाणी शिरायचं. कासवाला तळ्यात पुन्हा कधी बुडी मारता आली नाही. ते कुंडकाच्या अंगणात सावरीखाली राहिलं. रोज सकाळी नंदिया तांब्यानं त्याच्या पाठीवर पाणी घालायचा, तडा चुकवून.