न आलेली तक्रार

जी तक्रार कचेरीत कधी आलीच नाही, ती कुणी राजाला आणून दाखवू शकेल का? सांगा बरं! कुसुंबनगरच्या सगुणेला हेच करून दाखवायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नाही जमलं तर तिला गाव सोडावं लागणार होतं.

झालं होतं असं. उदयभान राजाची जुनी कचेरी म्हणजे एक ओसरी, एक चटई आणि एक म्हातारा कारकून. लोक यायचे, तावातावानं सांगायचे, तो लिहून घ्यायचा. रोज शंभर तक्रारी! राजा वैतागला. मग विश्वंभरशास्त्री नावाचे मोठे रचनाकार पुढं झाले. त्यांनी ओसरी पाडली आणि तिथं दाद-महाल बांधला. आरशासारखी फरशी, मधोमध कारंजं आणि नऊ खिडक्या. कुठली खिडकी कशासाठी, ते मात्र लिहिलं नाही. अक्षरांनी भिंतीची शोभा जाते, असं शास्त्रीबुवांचं मत. एकीवर पोपट कोरला, एकीवर कमळ, एकीवर कासव. खिडक्यांना दगडी जाळ्या, म्हणजे कारकुनाला समोरच्याचं तोंड दिसू नये आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखा न्याय मिळावा. फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून जोडे दारातच काढायचे. ते सांभाळायला सगुणेला बसवलं.

वर्षभरात तक्रारी शंभराच्या चार झाल्या आणि मग एकही येईना. राजानं भर दरबारात सांगून टाकलं की प्रजा सुखी झाली. शास्त्रीबुवांना हत्ती द्यायचा आणि दाद-महाल यापुढं वर्षातून एकदाच उघडायचा, असंही ठरलं.

हे सगुणा दरबाराच्या कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिच्या आळीची विहीर पावसाळ्यात ढासळली होती. बायका पाण्यासाठी कोसभर लांब नदीवर जात होत्या. त्यासाठी ती स्वतः नऊ दिवस नऊ खिडक्या फिरली होती आणि दहाव्या दिवशी तिनं नाद सोडला होता. आता महालच बंद झाला तर विहीर बांधणार कोण? ती भीत भीत उभी राहिली आणि म्हणाली की तक्रारी संपलेल्या नाहीत, त्या आत पोचत नाहीत.

शास्त्रीबुवा हसले. "जोडे सांभाळणारीला रचनेतलं काय कळतं?"

"काहीच नाही, शास्त्रीबुवा. पण जोडे घालताना माणसं तुमच्याबद्दल काय बोलतात, ते रोज कानावर पडतं."

दरबारात खसखस पिकली. राजाला राग आला. तो म्हणाला, "मग न आलेली एक तरी तक्रार मला दाखव. साक्षीदार चालणार नाही, कागद चालणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर गाव सोड!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राजा शास्त्रीबुवांबरोबर महाल पाहायला आला. मोजड्या दारात काढल्या, फरशीत आपलं रूप पाहिलं, कारंज्याचं कौतुक केलं. बाहेर येऊन बघतो तर मोजड्या गायब! अंगणातले दगड तव्यासारखे तापलेले.

"माझे जोडे कुठं गेले?" राजा गरजला.

सगुणा हात जोडून म्हणाली, "महाराज, हरवलं-सापडलं आत सांगायचं, हा आपलाच नियम. शिपायांना हाक मारलीत तर जोडे लगेच येतील म्हणा. आमच्याकडं शिपाई नसतात."

राजा थबकला. शास्त्रीबुवांना वाटलं, आपली करामत दाखवायची हीच वेळ. ते म्हणाले, "चला महाराज, फूल तोडण्याइतकं सोपं आहे."

राजा पोपटाच्या खिडकीशी गेला. आतून आवाज आला, हरवलेल्या वस्तू कमळाकडं. कमळानं विचारलं की जोडे कातड्याचे का? मग जनावरांचं खातं, कासवाकडं जा. कासव म्हणालं की जनावर जिवंत असेल तरच आमच्याकडं. कारंज्याच्या आवाजात राजाला प्रत्येक गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागत होती. शेवटी तो जाळीवर थाप मारून म्हणाला, "अरे, मी राजा आहे!"

"असाल हो," आतला कारकून शांतपणे म्हणाला. "आज सकाळपासून तुम्ही तिसरे. राजेलोकांनी हंसाच्या खिडकीशी जावं."

हंसाची खिडकी जेवणासाठी बंद होती. राजानं शास्त्रीबुवांकडं पाहिलं. जोड्यांची खिडकी नेमकी कुठली, ते शास्त्रीबुवांनाही आठवेना. हंस की मासा, असं ते पुटपुटत राहिले. घामानं त्यांचं गंध ओघळलं.

उन्हं कलली तेव्हा राजा घामानं भिजलेल्या धोतरानं, लालबुंद तोंडानं दारात आला आणि पायरीवर मटकन बसला.

"झाली का तक्रार, महाराज?" सगुणेनं विचारलं.

"कसली होतेय! कुणी लिहूनच घेतली नाही."

"म्हणजे आजही वहीत एकही तक्रार नाही. शास्त्रीबुवांच्या हिशेबानं आपले जोडे हरवलेच नाहीत. आपण सुखी आहात."

सगुणेनं बसायच्या पोत्याखालून मोजड्या काढल्या, पदरानं पुसल्या आणि त्याच्या पायाशी ठेवल्या.

"आपण मागितली होती ना, ती न आलेली तक्रार? दुपारपासून ती आपल्याच पायांनी अनवाणी आत फिरत होती."

राजानं मोजड्यांकडं पाहिलं. मग राजा हसला. इतका हसला की कारंज्याचा आवाज ऐकू येईना. शास्त्रीबुवांचा हत्ती त्यानं तिथल्या तिथं सगुणेला देऊ केला.

"हत्ती कुठं बांधू, महाराज? त्याला पाणी पाजायला विहीर नाही. हत्ती राहू द्या, विहीर बांधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणेच्या आळीत गवंडी आले. दाद-महालाच्या पायरीवर चटई टाकून जुना म्हातारा कारकून बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला "काय झालं?" असं विचारू लागला. जोडे त्या दिवसापासून विश्वंभरशास्त्री सांभाळू लागले.