गच्चीवरचा हुकूम

संध्याकाळच्या निळसर उजेडात कॉलेजची गच्ची तरंगल्यासारखी वाटत होती. दिव्यांच्या माळांखालून पहिल्या वर्षाची इरावती स्वप्नात असल्यासारखी फिरत होती. अशी पार्टी तिने कधी पाहिलीच नव्हती. तेवढ्यात चौथ्या वर्षाचा शार्दूल आडवा आला.

"टेबलावर चढ आणि कोंबड्यासारखी आरव. इथे जो जुना, त्याचा हुकूम!"

गाणं थांबलं. सगळे बघू लागले. आरवली असती तर चार वर्षं 'कोंबडी' हेच नाव चिकटलं असतं.

इरावती सरबत वाढणाऱ्या अनुसयामावशींकडे वळली. "मावशी, तुम्ही इथे किती वर्षं?"

"सव्वीस झाली की गं."

"मग हुकूम तुमचा. टेबलावर कोणी चढायचं?"

मावशींनी पळी शार्दूलकडे रोखली. "चप्पल काढून चढ रे, बाळा."

आणि ऐन तिन्हीसांजेला गच्चीवर कोंबडा आरवला.