फादर इनासने न वाचलेलं पत्र

पुष्कळ पिढ्या उलटून गेल्या या गोष्टीला. त्या काळी खाडीकाठच्या मुलखात होडीखेरीज वाहन नव्हतं, आणि बिशपस्वामींचा हुकूम पायी चालणाऱ्या माणसाच्या हाती यायचा. लहानथोरांनो, गोष्ट रागाची आहे, तेव्हा ती गोड करून सांगता येणार नाही.

त्या मुलखात इनास नावाचा एक धर्मगुरू होता. अंगाने काटक, बोलायला फटकळ. फादर इनासच्या नाकावर राग असतो, असं लोक म्हणत. पण मळणीच्या दिवसांत लोकांबरोबर खळ्यावर उतरणारा आणि मयताच्या घरी सगळ्यांत आधी पोचणाराही तोच.

बारा वर्षं तो डोंगरपायथ्याच्या एका गावात राहिला. तो आला तेव्हा तिथे चर्च नव्हतं, पेंढ्याचा मांडव होता. इनासने गावकऱ्यांबरोबर चिरे वाहिले, चुना मळला, वेदीमागची भिंत स्वतः रचली. छपरावर शेवटचं कौल चढलं आणि त्याच आठवड्यात बिशपस्वामींचं पत्र आलं. हे गाव सोडून खाडीकाठच्या गावी जा. कारण काही लिहिलेलं नव्हतं.

इनासच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र मुठीत चुरगाळून तो तसाच शहरापर्यंत चालत गेला आणि मनात होतं नव्हतं ते सगळं त्याने स्वामींपुढे ओकलं. स्वामींनी ऐकून घेतलं. मग ते एवढंच म्हणाले, की दीक्षेच्या दिवशी तू माझ्या हातांत हात देऊन आज्ञापालनाचं वचन दिलंस, तेव्हा गाव निवडून मागितलं नव्हतंस.

स्वामी बोलले ते खरं होतं. चर्च त्याने बांधलं होतं, पण ते त्याचं नव्हतं. गाव त्याला प्रिय होतं, पण तेही त्याचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने गाठोडं बांधलं. वाटभर तो धुमसत होता. पण गेला.

खाडीकाठचं ते गाव एका मातीच्या बांधाच्या भरवशावर जगत होतं. बांधाच्या एका अंगाला समुद्राचं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि खाचरांच्या कडेने कुळांच्या झोपड्या. बांध खोताचा, जमीन खोताची, झोपड्यांखालची मातीसुद्धा खोताचीच. उंच म्हणावी अशी जागा एकच, गावामागचं टेकाड. तिथे खोताने आंब्याची कलमं लावली होती आणि भोवती कुंपण घातलं होतं.

बांधाची राखण बस्त्यान नावाच्या कुळाकडे होती. भरतीला पाणी अडवायचं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं, त्यासाठी बांधाला जी लाकडी दारं होती ती उघडणं-मिटणं हे त्याचं काम. एका सकाळी तो फादर इनासला बांधावर घेऊन गेला. एका जागी वाकून त्याने फादरांना हात घालायला सांगितलं. खेकड्यांनी पोखरलेल्या मातीत इनासचा हात कोपरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना खारं पाणी लागलेलं होतं.

इनास तडक खोताकडे गेला. खोत म्हणाला, बांध दुरुस्त करायचा तर एक हंगाम शेत पडीक ठेवावं लागेल. आमच्या वाडवडिलांना पुरला तो बांध आम्हालाही पुरेल. निदान लोकांना टेकाडावर झोपड्या हलवू द्या, असं इनासने म्हणून पाहिलं. खोताने कलमांकडे बोट दाखवलं. एवढी वर्षं जपलेली बाग काय चुली पेटवायला दिली आहे, असं त्याने विचारलं. इनासही जे बोलू नये ते बोलला, आणि दोघांचं बिनसलं.

खोत शहरात गेला. तिथल्या मोठ्या चर्चच्या नव्या छपराला लागलेलं सागवान त्यानेच दिलं होतं, त्यामुळे स्वामींच्या पंगतीला त्याला मान होता. जेवता जेवता त्याने सांगितलं, की तुमचा फादर माझ्या कुळांना भडकवतो आहे.

आठवड्याच्या आत इनासच्या हाती पत्र पडलं. ते रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वेदीवरून वाचायचं होतं. पत्रात लिहिलं होतं: बांध भक्कम आहे. कोणीही भयाने घर हलवू नये. जो हलवील तो धन्याच्या आणि धर्माच्या आज्ञेबाहेर गेला असं समजावं.

हे पत्र इनासने चुरगाळलं नाही. नीट घडी करून झग्याच्या खिशात ठेवलं आणि पुन्हा शहराची वाट धरली.

“स्वामी, बांध तुम्ही पाहिलात?” त्याने विचारलं.

“खोतांनी पाहिला आहे. त्यांच्याच घराण्याचा आहे तो.”

“मी त्यात कोपरापर्यंत हात घातला आहे.”

“तुला वाचायला सांगितलंय, तपासायला नाही,” स्वामी म्हणाले. “इनास, वचन आठवतंय ना?”

“आठवतंय. त्याच वचनासाठी मी डोंगरपायथ्याचं गाव सोडलं. ते दुःख माझं होतं, मी गिळलं. उद्यापासून मिस्सा करू नकोस म्हणालात तर तेही गिळीन. पण हे पत्र वाचलं तर मी बुडणार नाही, बस्त्यान बुडेल. त्याची पोरं बुडतील. त्यांचा जीव मी वचनात दिलेला नाही, स्वामी. तो माझा नव्हताच.”

स्वामी वाईट माणूस नव्हते. गरिबाघरच्या लग्नाला ते पायी जात. पण पुष्कळ वर्षं कोणी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, आणि आवाजापुढे त्यांना बांध दिसेना. इनास बोलला ते त्यांनी उद्धटपणाच्या खात्यात टाकलं आणि शिक्षा सांगितली. आजपासून मिस्सा बंद, प्रवचन बंद. शहरातल्या मठाच्या फाटकावर राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडायचं. गावातलं सामान आणायला एक दिवसाची सवड.

इनास म्हणाला, “बरं.”

तो एक दिवस त्याने सामानात घालवला नाही. सकाळपासून घरोघर फिरला आणि आपण काय पाहिलं, स्वामींना काय सांगितलं आणि त्यांनी काय शिक्षा दिली, ते जसंच्या तसं लोकांना सांगितलं. कोणाला जा म्हणाला नाही, थांबा म्हणाला नाही. बस्त्यानची बायको झाबेलबाय उंबऱ्यात बसून मासळी साफ करत होती. तिने सगळं ऐकलं आणि हात धुवून लगोलग भांडीकुंडी बांधायला घेतली. संध्याकाळी ठरल्याप्रमाणे इनास मठाच्या फाटकावर हजर झाला.

त्याच्या जागी फादर मिंगेल आले. मवाळ, गोड गळ्याचे, वरून आलेल्या हुकमाला कधीही का न विचारणारे. रविवारच्या आधी तेही बांधावरून चालून आले होते. त्यांच्या पायाखालीही माती खचली होती. पण ते स्वतःशी म्हणाले, आपण वाचणारे. जाब द्यायचा तो हुकूम देणाऱ्याने. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्यांनी पत्र वाचलं.

गाव दुभंगलं. झाबेलबायने दहा-बारा घरं जमवली आणि भरदिवसा खोताचं कुंपण मोडून टेकाडावर झोपड्या घातल्या. खोताची माणसं काठ्या घेऊन आली. बायका लेकरं पुढे घेऊन बसून राहिल्या, तेव्हा ती माणसं शिव्या देऊन परतली. बाकीची घरं खालीच राहिली. बस्त्यानही खालीच राहिला. बांध पोकळ आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण वेदीवरून वाचलेला शब्द खोटा कसा असेल, या विचारापुढे स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला.

अमावास्येला उधाण आलं. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, बांध तीन जागी फुटला. घरं आधी कलली, मग पेंढ्यासकट तरंगायला लागली. टेकाडावरच्या लोकांनी दोर सोडले, सापडले तेवढे वर ओढले. ओहोटी लागल्यावर अकरा प्रेतं मिळाली. बस्त्यान बांधाच्या लाकडी दारांपाशी सापडला. कडी त्याच्या मुठीत होती.

तिसऱ्या दिवशी स्वामी होडीने आले. चिखलातून वाट काढत फादर मिंगेल पुढे झाले आणि गुडघे टेकून म्हणाले, “स्वामी, मी तुमचा शब्द मोडला नाही.”

झाबेलबाय तिथेच उभी होती. ती रडत नव्हती.

“खरं आहे त्यांचं,” ती म्हणाली. “नवऱ्याला मी मनगट धरून ओढत होते. तो म्हणाला, इनास फादर तापट आहेत, मिंगेल फादर आज्ञाधारक आहेत, आपण आज्ञाधारकाचं ऐकावं. स्वामी, त्याने ऐकलं. आता पुरायला जागा सांगा, खाली सगळीकडे पाणी आहे.”

 स्वामींनी टेकाडाकडे बोट दाखवलं. खोताच्या कलमांमध्ये अकरा खड्डे खणले गेले आणि पहिली कुदळ स्वामींनी मारली. खोताने आडकाठी करायला तोंड उघडलं, पण भोवतालच्या माणसांचे चेहरे पाहून मिटलं.

तिथून स्वामी मठात आले. इनास फाटकाशी झाडत होता. त्याला कळलेलं होतं. मठात बातमी आदल्याच दिवशी आली होती. स्वामींनी सर्वांसमोर त्याची क्षमा मागितली आणि परत जा म्हणाले.

इनासने केरसुणी खाली ठेवली नाही.

“माझी क्षमा कशाला मागता? माझं काय गेलं? झाडायचं काम मिळालं, ते केलं. क्षमा टेकाडावर मागा, आणि जिथून खोटं वाचलं गेलं त्याच जागी उभं राहून मागा.” मग त्याचा आवाज खाली आला. “मीही सुटलेलो नाही, स्वामी. मी दिवस मोजून परत आलो. आणखी दोन दिवस तिथे थांबलो असतो, बस्त्यानशी भांडलो असतो, तर तो वर आला असता का? शिक्षा पाळली याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याला नुसतं सांगून निघालो, हे मला झोपू देत नाही.”

रविवारी स्वामी त्या गावच्या वेदीवर उभे राहिले. अकरा नावं त्यांनी घेतली आणि म्हणाले, की ते पत्र खोटं होतं, ते मी न पाहता लिहिलं, आणि ज्याने मला पाहायला सांगितलं त्याला मी फाटकावर बसवलं. कोणी त्यांचं समाधान केलं नाही. मिस्सा झाल्यावर लोक नमस्कार न करता निघून गेले. स्वामींनी तेही सोसलं.

खोताच्या खाचरांत खारं पाणी शिरलं ते मुरलंच. पुढची काही वर्षं तिथे भात उगवला नाही, आणि खोतासाठी नांगर धरायला एकही कूळ टेकाडावरून खाली उतरलं नाही. फादर मिंगेल यांना कोणी शिक्षा केली नाही. पण ते वेदीवर वाचायला उभे राहिले, की पुढच्या बाकावरची माणसं उठून बाहेर जात. शेवटी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली, आणि जिथे गेले तिथे कोणतंही पत्र वाचण्याआधी त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे गावातल्या माणसांना दोनदा विचारायला शिकले.

इनास परत आला. नवा बांध घालताना तो बायाबापड्यांबरोबर टोपल्या उचलत होता आणि माती नीट चोपली नाही म्हणून सगळ्यांवर खेकसत होता. त्याचा राग म्हातारपणीही गेला नाही. पुढे स्वामींनी त्याला आणखी एकदा बदलीचं पत्र धाडलं, दूरच्या, रुक्ष, कोणालाच नको असलेल्या गावाचं. इनास दिवसभर धुमसत राहिला. दुसऱ्या सकाळी गाठोडं घेऊन निघाला. झाबेलबाय त्याला होडीपर्यंत पोचवायला गेली. ती म्हणाली, या वेळी तरी नाही म्हणायचं होतं, फादर. तो म्हणाला, या वेळी फक्त माझंच जातंय, बाय.

एवढं ध्यानात धरा: आज्ञेखातर स्वतःचं सुख खुशाल सोडावं, पण जी आज्ञा दुसऱ्याचा जीव सोडायला सांगते ती पाळणाऱ्याला आज्ञाधारक म्हणू नये, भेकड म्हणावं.