वायर नसलेली यंत्रं आणि गप्प कात्री

यंत्रांच्या शेपट्या गळून पडल्या आणि ती वायरीवाचून चालू लागली, त्या काळची गोष्ट.

शालनबाई मुतालिकांच्या कुंपणाची मेंदी इतकी माजली, की फाटक उघडेना. कात्री बोथट झालेली. तिला धार लावावी की मेंदी छाटायचं नवं यंत्र घ्यावं, ते बाईंना ठरेना. कात्री पिशवीत टाकून, बेताचेच पैसे घेऊन त्या दुकानात गेल्या.

फळीवरची यंत्रं एकदमच ओरडू लागली.

"माझं पातं हातभर लांब!"

"काकू, मी वजनाला हलकं!"

"सगळ्यांत स्वस्त मीच!"

बाईंना तिघांचंही पटलं, त्यामुळे त्या आणखीच गोंधळल्या. शेवटी त्यांनी स्वस्तातलं उचललं. "जरा चालून दाखव बघू."

ते गप्प. मग उरलेली दोघंही गप्प.

"अगंबाई, यांना झालं तरी काय?"

काचेच्या कपाटातून बॅटरी म्हणाली, "काकू, मी वेगळी घ्यावी लागते. माझी किंमत यंत्रापेक्षा जास्त आहे."

"मग इतका वेळ ही बोलत कशी होती?"

"बोलायला मी लागत नाही. कापायला लागते."

बाईंनी पिशवीतली कात्री चाचपली. ती मघापासून एक अक्षर बोलली नव्हती.